सल्ला हवा: हिंगणघाट-वर्धा-चंद्रपूर पट्ट्यात भिंतीवरची चित्रं पाहायले कुठं जावं?

हिंगणघाटी_पोट्टा
नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा येडपट वाटंल पण विचारून टाकतो. मागच्या महिन्यात मावसभावाकडं दिल्लीले गेलो होतो, त्यानं एका सकाळी जोरबाग मेट्रोवर उतरवून लोधी कॉलनीत फिरवलं. सरकारी क्वार्टर हायेत तिथं, इंग्रजांच्या टायमाचे, आन् त्याच्या भिंतींवर २०१५-१६ पासून देशोदेशीच्या आर्टिस्ट लोकांनी चित्रं काढून ठेवली हायेत, पन्नासच्या वर असतील. तिकीट नाही, गेट नाही, चित्राच्या खालीच कोणाचा गाऊन वाळत हाय, एक जण स्कूटरले किक मारून राह्यला. मले तेच लय आवडलं.

परत आलो तं आमच्या फाट्यावर उतरल्या उतरल्या कृषी केंद्राची भिंत दिसली. त्याच्यावर बियाण्याच्या जाहिरातीचा एक बैल हाय, मी शाळेत होतो तेव्हापासून हाय. त्या बैलाले तीनच पाय हायेत. चौथा काढलाच नाही, पुसल्या गेला असंही नाही, तिथं साफ पांढरा चुना हाय. एवढी वर्षं रोज तिथून गेलो पण थांबून पाह्यलं पहिल्यांदाच.

तं आपल्याकडं असं काय काय हाय पाहायले? दोन दिवस हायेत, बाईक हाय, डिसेंबरात निघायचा विचार हाय. देवळं-किल्ले नको, भिंतीवरचंच सांगा. आन् नागपूर सांगू नका, ते पाहून झालं.

संत्राबर्फी
नागपूरच सांगणार होतो बे 😐 जाऊ दे मग.

बल्लारशा_पॅसेंजर
भाऊ, मग तू चंद्रपूर आन् बल्लारशाचं स्टेशन पाहिलं नाही वाटते. २०१८ मध्ये रेल्वे मंत्रालयानं देशभराच्या स्टेशनांची सजावटीची स्पर्धा घेतली होती, त्यात आपल्या या दोन स्टेशनांले मिळून पहिला नंबर भेटला. बिहारचं मधुबनी दुसऱ्या नंबरवर होतं, आता बोल. मधुबनी म्हणजे ज्या गावाच्या नावानंच चित्रकला चालते ते.

ताडोबाचा वाघ, जंगल, आदिवासी लोकं, सगळं भिंतींवर हाय. दहा रुपयाचं प्लॅटफॉर्म तिकीट काढजो नाहीतर टीसी तुलेच भिंतीले लावंल. हिंगणघाटहून जाम चौरस्त्यावर ये, तिथून वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, सरळ रस्ता हाय. दुपारच्या गर्दीत नको जाऊ, सकाळी एखादी गाडी निघून गेली की पंधरा-वीस मिनिटं प्लॅटफॉर्म रिकामा भेटते, मग मांडी घालून पाहत बस. मी रोज अप-डाऊन करतो, तरी वाघाच्या समोरच्याच बाकावर बसतो. मोठं चित्र जवळून नुसतं रंगाचे फटके दिसते, पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर गेला की मग वाघ तयार होते.

झेडपी_वाली_मॅडम
दादा, प्रश्न छान आहे, मी थोडं लांबवते, रागावू नका.

पहिल्यांदा सेवाग्राम. तुम्ही म्हणाल शाळेच्या सहलीत दहा वेळा पाहिलं, पण बापूकुटीत सगळे जण गांधीजींची बैठक नि चष्मा-घड्याळ बघतात, मातीच्या भिंतीकडे कोणी बघत नाही. ती कुटी मुळात गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन यांच्यासाठी बांधलेली, आणि भिंतीवर ताडाची झाडं, चरखा असे उठावाचे आकार मीराबेननी मातीतच केलेले आहेत. रंग काहीच नाही, भिंतीच्या मातीचेच. सकाळी तिरपं ऊन आत आलं की सावली पडून ते उठून दिसतात, भर दुपारी गेलात तर कोरी भिंत बघून परत याल. गांधीजी १९३६ मध्ये त्या गावात राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, आपल्या गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायला लागला म्हणून सेवाग्राम केलं, हे आपलं जाता जाता.

आता माझं दुखणं. आपल्याकडे कुठल्याही झेडपी शाळेत, अंगणवाडीत जा, कंपाउंडवर वारली. गेरूवर पांढऱ्या त्रिकोणी बाया नि तारपा वाजवणारा माणूस. वारली वाईट नाही हो, जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती उगाच नाही, पण ती पालघरकडची आहे, तांदळाच्या पिठाची, तिथल्या लग्नातल्या चौकाची. आपल्याकडे गोंड, कोलाम, कोरकू, परधान एवढे लोक आणि भिंतीवर तारपा? तारपा माझ्या शाळेतल्या एकाही पोराने पाहिलेला नाही.

आणि हे पाप मी पण केलंय. केळापूरकडे होते तेव्हा यूट्यूब बघून आम्ही चार शिक्षकांनी मिळून शाळेची अख्खी भिंत वारलीने भरली. पोरांना सोडायला एक कोलाम आजी यायची, तिने पदर डोक्यावर घेऊन बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, हे लोकं कोणत्या गावचे आहेत बाई? मला उत्तर सुचेना. दुसऱ्या दिवशी मीच तिच्या घरी गेले. दाराच्या दोन्ही बाजूंना तिने पांढऱ्या मातीत बोटं बुडवून टिकल्यांच्या रांगा मारलेल्या, दिवाळीला मारलेल्या त्या पावसाळ्यात अर्ध्या धुऊन गेलेल्या, वरच्या रांगेत तिच्या बोटाच्या रेषासुद्धा दिसत होत्या. म्हणाली दरवर्षी सारवलं की नव्याने मारते. फोटो काढू का विचारलं तर म्हणे पुढच्या दिवाळीला ये, आता मळलं आहे.

तर माझा सल्ला असा की स्टेशन, आश्रम पाहाच, पण रस्त्यात गावं लागतील तिथे थांबा. दिवाळीनंतर महिना-दीड महिना घरांच्या भिंती ताज्या असतात, तुमची डिसेंबरची वेळ बरोबर आहे. आषाढी अमावस्येला लावलेली जिवती पण अजून कुठे कुठे चौकटीवर टिकलेली दिसेल.

बल्लारशा_पॅसेंजर
मॅडम पटलं पण गोंड चित्रं तरी आपली कुठं हायेत, ते तं मध्य प्रदेशातले ना?

झेडपी_वाली_मॅडम
हो, तुम्ही म्हणता ती ठिपक्या-रेघांनी भरलेली चित्रं दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटनगढच्या परधान गोंडांची. जनगढसिंह श्याम तिथलाच, घराच्या भिंतीवर काढायचा, तिथून भोपाळच्या भारत भवनात गेला. त्यातला प्रत्येक चित्रकार आकार भरायची रेघ आपली वेगळी ठेवतो, त्यावरून ओळखू येतो. पण पाटनगढची नक्कल करा असं मी म्हणतच नाहीये, ती परत वारलीसारखीच गत. आपल्या आजीच्या टिकल्या बघा म्हणते.

झाडीचा_गडी
का बा, आमच्या झाडीपट्टीले, म्हंजे गडचिरोली-चंद्रपूर-भंडाऱ्याकडच्या जंगलपट्ट्याले, कोनीच नाई इचारत? एक दिवस वाढव गा भाऊ आनि वडसाले ये. दिवाळीनंतर नाटकाचा सीझन असते, कंपन्यांचे ऑफिस लाइनीनं हायेत, बाहेर बोर्डच बोर्ड. आता पोस्टर समदे फ्लेक्सचे झाले, हिरोइनचा चेहरा पांढराफटक करून टाकतेत, ते नको पाहू. मागचा पडदा पाहा. वाडा, जंगल, देवळाचा रस्ता, हातानं रंगवलेला पडदा असंल तं लांबून खरा रस्ता वाटते आनि जवळ गेला तं झाडाची पानं म्हंजे नुसते ब्रशचे ठिपके. नाटक रात्री उशिरा उभं होते ते पहाटपर्यंत चालते, तवा पडदा पाहाचा तं संध्याकाळी जा, पोट्टे बांधत असतेत तवा. चा पाजला तं हात पन लावू देतेत.

भिंत नाई म्हनशील. नसंल भिंत, पन रंगवनारा तोच असते गा, दिवसा दुकानाचे बोर्ड नि रातीले पडदा.

अमरावतीचा_पुण्यात
झाडीचा गडी बरोबर बोलला. मी इथं पुण्यात ग्राफिटीवाल्या पोरांसोबत फिरतो अधूनमधून, त्यांच्या तोंडी कायम न्यूयॉर्क असतं. तिथं एक पोरगा चिठ्ठ्या-पार्सलं पोचवायचा आणि जाईल तिथं भिंतीवर, मेट्रोच्या डब्यात लिहून यायचा, टाकी १८३. टाकी त्याचं घरातलं नाव आणि १८३ त्याच्या गल्लीचा नंबर. १९७१ मध्ये तिथल्या मोठ्या पेपरात बातमी आली आणि मग सगळं शहरच लिहायला लागलं. ऐकून मला एकदम आपले पेंटर आठवले, कोपऱ्यात बारीक अक्षरात पेंटर अमुक, खाली गाव आणि मोबाइल नंबर. आपल्या माणसानं जाहिरातीच्या पैशात स्वतःची पण जाहिरात करून घेतली, हा फरक 😄

हिंगणघाटी भाऊ, मोठी चित्रं बघून झाली की त्या सह्या शोध. कोपऱ्यात, खाली उजवीकडं. एकाच माणसाची सही तीन-चार गावांत सापडली की त्याचा हात ओळखू यायला लागतो, उकाराला शेपटी कशी देतो, अक्षराला सावली डावीकडं टाकतो का उजवीकडं. मी बांद्र्याला दादासाहेब फाळक्यांचं ते अवाढव्य चित्र पाहिलंय टेलिफोनच्या इमारतीवर, रणजीत दहियांनी २०१४ ला केलेलं, मान मोडते बघताना. पण मोर्शी रोडवरच्या एका पंक्चरवाल्याच्या भिंतीवरचा 'हवा' हा शब्द मला जास्त लक्षात आहे. फुगवून लिहिलेला.

आणि मोर्शीवरून आठवलं, कधी उत्तरेला आलास तर सातपुड्यातल्या चित्रगुहा सोडू नको. अंबादेवीच्या बाजूला, धारूळ गावाजवळ, बैतूल जिल्ह्यात येतात पण जायचं आपल्याकडूनच. आपल्या भागातल्या निसर्गप्रेमी लोकांना २००७ मध्ये सापडल्या. जनावरं, माणसं, लाल रंगात. जंगल आहे, गावातला माहितगार सोबत घे. आणि फोटोत उठाव यावा म्हणून चित्रावर पाणी मारणारे महाभाग असतात, तसं करू नको आणि करणाऱ्याला करू देऊ नको.

बदाम_बाण
मी रात्री स्प्रे घेऊन निघालो तं चालते का? आमच्या बस स्टँडची भिंत लय दिवसाची डोळ्यात हाय.

संत्राबर्फी
नाव पाहूनच समजलं तू काय काढणार. गाविलगडावर बदाम कोरून आला असशील. मालमत्ता विद्रूपणाचा कायदा हाय महाराष्ट्रात, १९९५ चा. आधी ज्याची भिंत त्याची लेखी परवानगी घे. आन् कोरण्याचं म्हणशील तं अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात १८१९ मध्ये जॉन स्मिथ साहेब नाव खरडून गेला, दोनशे वर्षं झाली, लोकं अजून शिव्याच देतेत.

ब्रशवाले_काका
मुलाने ही चर्चा दाखवली, म्हणून लिहून राहिलो. मी स्वतः तीस वर्षं बोर्ड आन् भिंती केल्या, आता गुडघे गेले, शिडी बंद. दोन-चार गोष्टी सांगतो म्हणजे पाहताना समजंल.

भिंत आधी खरवडा लागते. लोणा लागलेल्या भिंतीवर कितीही भारी रंग मारा, पोपडा धरून निघते. मग चुन्यात डिंक टाकून दोन हात. मग सूत मारायचं, दोरीले नीळ लावून दोघांनी दोन टोकं धरायची आन् मधातून टणकन सोडायची, सरळ निळी रेघ पडते. जुन्या भिंतीवर जवळून पाहा, अक्षराच्या वर-खाली ती निळी रेघ अजून दिसते. मराठी लिहायचं तं शिरोरेघ पहिले, मग अक्षरं तिले टांगायची. नवीन पोट्टे पहिल्या अक्षरापासून सुरू करत आन् शेवटी जागा पुरत नाही, मग 'सेंटर' मधला टर चिमणीएवढा. असे बोर्ड दिसले तं हसू नका, कोणाचा तरी शिकायचा दिवस होता तो.

आपल्या उन्हाचं सांगतो. मे महिन्यात पहाटे साडेपाचले शिडी लावायची, नऊच्या नंतर भिंत तव्यासारखी, ब्रश ओढल्या जात नाही, रंग मधातच सुकते. पश्चिमेची भिंत असंल तं लाल-पिवळा दोन-तीन उन्हाळ्यात उडते, काळा राहते, गेरू राहते. म्हणून जुन्या जाहिरातीत तुम्हाले फक्त काळी बॉर्डर दिसते, मधात काहीच नाही. ज्यानं रंगात रॉकेल जास्त टाकलं त्याचं काम त्याच्याही आधी उडते, तेही भिंत सांगते.

फ्लेक्स आला आन् आमचं काम बसलं. आमच्या तालुक्यात आम्ही अकरा जण होतो, आता दोघं करतेत, तेही नंबर प्लेट आन् ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. ट्रॉल्या पाहजा, मागच्या फळीवर चांगलं काम भेटते अजून.

तीन पायाचा बैल म्हणता ना, तो मले माहीत नाही. पण पेंटरले जनावराचे चार पाय समजत नाही असं होत नाही. काही तरी कारण असंल.

हिंगणघाटी_पोट्टा
जाऊन आलो मंडळी. सगळ्यांचे आभार, काकांचे जास्त.

सेवाग्रामले सकाळी आठच्या आधीच पोचलो, मॅडम म्हणाल्या तसं ऊन येऊ दिलं, ताडाचं झाड हळूहळू भिंतीतून बाहेर आल्यासारखं झालं. तिथं एक पोरगी आईले विचारत होती का हे कोणी चिकटवलं. चंद्रपूर-बल्लारशा पाह्यलं, पलीकडच्या प्लॅटफॉर्मवरून पाह्यलं. वडसा राहिलं, गाडी वरोऱ्याजवळ पंक्चर झाली आन् तिथंच अर्धा दिवस गेला, पण त्या पंक्चरवाल्याच्या शेजारी एका ट्रॉलीवर मोर होता, त्याच्या पिसाऱ्यात प्रत्येक डोळा वेगळ्या रंगाचा. वडसाले होळीच्या आधी जाईन, झाडीच्या गड्या, चहा तुझ्याकडून.

मेन गोष्ट वेगळीच हाय. घरी येता येता आमच्या फाट्यावर थांबलो आन् बैलाखाली सही शोधली. गवत बाजूले केलं तं सापडली, पेंटर म्हणून नाव, गाव आन् मोबाइल नंबर. पण नंबरचे नऊच आकडे दिसते, शेवटचा मातीत गेला.

संत्राबर्फी
अबे मग शून्यापासून नऊपर्यंत लावून पाहा ना, दहाच तं फोन हायेत.

हिंगणघाटी_पोट्टा
लावले. दोन बंद, एक बाई छत्तीसगडची, एकानं मलेच लोन पाहिजे का विचारलं. सातव्याले लागला.

काका आता पोराकडं राहतेत. मी म्हटलं तुमच्या बैलाबद्दल विचारायचं होतं, तं पहिले म्हणे कोणता बैल, मी लय काढले. तीन पायाचा म्हटल्यावर असे हसले का खोकला लागला. म्हणे दुकानदारानं पैसे चार हप्त्यात देतो म्हटलं होतं. तीन दिले.

ब्रशवाले_काका
आता तुम्ही द्या चौथा. ब्रश मी देतो.