मदत हवी आहे : थिओफिलिनची रक्तातली पातळी जळगाव-धुळ्यात कुठे तपासतात?

नमस्कार मंडळी. आमचे बाबा (चोपडा तालुका) दम्यासाठी बरीच वर्षं थिओफिलिनची गोळी घेतात. गेल्या आठवड्यात लघवीच्या इन्फेक्शनसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडून सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू झालं आणि मागोमाग उलट्या. सगळे म्हणाले, ऊन लागलं. पण हात एवढे थरथरत होते की पाण्याचा पेला ओठापर्यंत जाईना, छातीत नुसती धडधड. आता जळगावला आयसीयूत आहेत.

डॉक्टर म्हणतात, सिप्रोमुळे थिओफिलिनचा निचरा मंदावतो आणि ते रक्तात साचतं. पातळी २० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या वर गेली की विषबाधेचा धोका. पोटॅशियमही घसरलंय. दोन्ही गोळ्या बंद केल्यात, ॲक्टिव्हेटेड चारकोल (औषध शोषून घेणारी कोळशाची पूड) ठरावीक तासांनी देताहेत. फिट आली किंवा पातळी फार चढली तर डायलिसिस. म्हणूनच रिपोर्ट लवकर हवाय, आणि इथल्या लॅबमधून सॅम्पल बाहेरगावी जातं.

धुळे, नाशिक, संभाजीनगर, कुठेही त्याच दिवशी रिपोर्ट मिळत असेल तर कृपया लगेच कळवा. सॅम्पल घेऊन भाऊ आत्ता निघायला तयार आहे. कुणाच्या घरी असं झालं असेल तर धडधड किती दिवसांत थांबली, तेही सांगा. आई फार घाबरलीय.