'क्रेड्युलिटी' हा शब्द फसवल्या गेलेल्या शेतकऱ्यांना लावावा का?

प्रश्न (चोपडा)
नमस्कार. आमच्या भागातील काही कापूस उत्पादकांना बनावट बियाणे विकले गेले. त्याविषयीच्या मराठी अहवालाचा मी इंग्रजी अनुवाद करीत आहे. 'शेतकऱ्यांनी विक्रेत्यावर विश्वास ठेवून बियाणे घेतले' या वाक्यासाठी एका सहकाऱ्यांनी 'क्रेड्युलिटी' हा शब्द सुचवला आहे. विश्वास ठेवण्याची तयारी असा त्याचा अर्थ कोशात मिळतो खरा. तथापि पाकिटावर लॉट क्रमांक छापलेला, टॅग लावलेला आणि हातात पक्के बिल असताना ज्यांनी विश्वास ठेवला, त्यांना हा शब्द लावणे योग्य ठरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (जळगाव)
ताई, आपली शंका रास्त आहे. लॅटिनमधील 'क्रेडेरे', म्हणजे विश्वास ठेवणे, या क्रियापदापासून क्रेडिट, क्रीड, क्रेडेन्शियल असे अनेक शब्द इंग्रजीत आले. क्रेड्युलिटी त्याच कुळातला. १५व्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ नुसता विश्वास किंवा श्रद्धा एवढाच होता. पुढे मात्र पुरेसा पुरावा नसताना, पारख न करता चटकन विश्वास ठेवण्याची प्रवृत्ती हा अर्थ रूढ झाला आणि आज मुख्यतः तोच चालतो. त्यामुळे हा शब्द ज्याला लावाल त्याच्या माथी थोडा दोष येतोच. आपण एखाद्याला भोळा म्हणतो तेव्हा त्यात माया असू शकते, महादेवाला तर भक्तीनेच भोळा म्हणतो. क्रेड्युलस, म्हणजे क्रेड्युलिटी असलेला, या विशेषणात ती माया नाही. अहवाल विक्रेत्याने केलेल्या फसवणुकीविषयी असताना दोषाचा रोख खरेदीदाराकडे वळावा, हे मला अन्यायाचे वाटते. तेथे 'इन गुड फेथ', म्हणजे प्रामाणिक विश्वासाने, असे लिहावे.

उत्तर (धुळे)
वरील मताशी सहमत आहे. मात्र 'स्ट्रेन्स क्रेड्युलिटी' हा प्रयोग वेगळा आहे. जे ऐकून विश्वास बसणे जड जाते अशा विधानाबद्दल तो केला जातो आणि त्यात ऐकणाऱ्याला कोणी भाबडे ठरवत नाही. विश्वास या अर्थाचा 'क्रेडन्स' हा शब्दही निर्दोष आहे: प्रयोगशाळेच्या तपासणीने शेतकऱ्यांच्या तक्रारीला बळकटी मिळाली असेल, तर 'लेंड्स क्रेडन्स टू' असे खुशाल लिहावे.

उत्तर (नंदुरबार)
एक पुरवणी. विश्वास न बसण्याजोगी गोष्ट ती 'इनक्रेडिबल' आणि ज्याचा विश्वास बसत नाही तो माणूस 'इनक्रेड्युलस', हा भेद आजच्या औपचारिक लेखनात पाळावा. शेक्सपिअरने इनक्रेड्युलस पहिल्या अर्थाने वापरला आहे, पण अहवालात तो आधार चालणार नाही.

प्रश्नकर्ती (चोपडा)
सर्वांचे आभार. 'इन गुड फेथ' घेतले असून टॅग व बिल यांचा उल्लेख त्याच वाक्यात जोडला आहे, कारण विश्वासाला आधार काय होता हे वाचणाऱ्याला तेथेच कळले पाहिजे. माल बनावट असल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते, असा विक्रेत्याचा खुलासाही अहवालात आहे. त्याबद्दल 'स्ट्रेन्स क्रेड्युलिटी' म्हणता येईल का?

उत्तर (धुळे)
मूळ मराठीत तसा अभिप्राय नोंदवलेला असेल तरच म्हणावे. नुसता खुलासा दिलेला असेल, तर विक्रेत्याचे म्हणणे जसेच्या तसे उतरवावे; ते पटण्याजोगे आहे की नाही, हे ठरवणे अनुवादकाचे काम नव्हे.