महिलांची टूर द फ्रान्स 2026: निकाल ठरलेला नाही. त्या पोस्टला उत्तर

घाटातली (धागाकर्ती, परतवाडा)

काल एका सायकल ग्रुपवर आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या एका भावाची पोस्ट वाचली. "बायकांची टूर नऊ दिवसांची, त्यात फेराँ-प्रेव्हो जिंकणार हे ठरलेलं. व्हाँटूचा दिवस बघा, बाकीचे आठ सोडून द्या." (फेराँ-प्रेव्हो म्हणजे 2025 ची विजेती, व्हाँटू म्हणजे फ्रान्समधला मोठा डोंगर.) खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हरकत घेतली तर "ताई, एवढं मनावर नका घेऊ" असं उत्तर आलं. मी मनावर घेतलंय, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

ही सायकल शर्यत 1 ऑगस्टला स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून सुटते आणि 9 ऑगस्टला फ्रान्समधल्या नीसला संपते. साधारण 1,175 किलोमीटर. व्हाँटू येतो सातव्या दिवशी. त्याआधी चौथ्या दिवशी दीजाँला 21 किलोमीटरची टाइम ट्रायल (एकेकटीनं घड्याळाविरुद्ध चालवायचा टप्पा) आहे, आणि त्या पोस्टमध्ये तिचा उल्लेखसुद्धा नाही! 2025 ला टाइम ट्रायल नव्हतीच. फेराँ-प्रेव्हो 3 मिनिटं 42 सेकंदांनी जिंकली ती शेवटच्या दोन दिवसांच्या डोंगरांत. या वेळी मोठा डोंगर दिसायच्या आधीच घड्याळाशी गाठ आहे, आणि ती तिची खासियत नाही.

ती खासियत मार्लेन रॉयसरची. सप्टेंबर 2025 मध्ये किगालीला टाइम ट्रायलची जगज्जेती झाली. स्वित्झर्लंडची आहे, शेतावर वाढली, शिकून डॉक्टर झाली, आणि शर्यत सुटतेय तिच्याच देशातून. गेल्या टूरला आजारपणामुळं पहिल्याच दिवशी तिला शर्यत सोडावी लागली, तेव्हापासून लोक तिला विसरलेत. नेदरलँड्सची डेमी फोलरिंगही टाइम ट्रायलमध्ये कमी नाही.

आणि "बाकीचे दिवस सोडून द्या" म्हणणाऱ्यांनी 2024 आठवावं. पाचव्या टप्प्यात शेवट जवळ आला असताना फोलरिंग पिवळ्या जर्सीत (म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर) असताना पडली, पावणेदोन मिनिटांच्या आसपास गमावली. त्या दिवशी मोठा डोंगर नव्हता. शेवटच्या दिवशी आल्प द्युएझच्या घाटाकडं ती निघाली तेव्हा पोलंडच्या कासिया न्येव्यादोमाच्या 1 मिनिट 15 सेकंद मागं. टप्पा जिंकला, कासियाला 1 मिनिट 1 सेकंदानं मागं टाकलं, वर टप्पा जिंकल्याचा 10 सेकंदांचा बोनस. तरी 4 सेकंद उरले आणि टूर गेली. ती टूर डोंगराच्या दिवशी हरली नाही, पाचव्या टप्प्यात पडली त्या दिवशी हरली.

पऱ्हाटीवाला (दारव्हा)

ताई, लिव्हलं तुम्ही चांगलं, पण मले पटलं नाही. गेल्या साली मादलेनच्या घाटात फेराँ-प्रेव्होनं काय केलं ते पाह्यलं ना? दुसरी आलेली जिगांटे पावणेदोन मिनिटं मांगं होती, अन् ती तर चढाचीच बाई हाय. 21 किलोमीटरच्या टाइम ट्रायलमंधी रॉयसर किती काढन? एक मिनिट? सव्वा? व्हाँटू बेदुआँकडून चढला तर 21 किलोमीटरचा चढ हाय, वरच्या अंगाले झाडाचं पान नाही, नुसती पांढरी गिट्टी अन् वारा. तिथं तो मिनिट वापस घ्याले कितीक वेळ लागते? मी त्या पोस्टवाल्याच्या बाजूनं हावो.

घाटातली

दादा, त्याच जिगांटेचं पुढं काय झालं तेही सांगा ना. दुसऱ्याच दिवशी उतारावर मागं पडली, दुसरी होती ती सहावी झाली. चढावर मिळवलेलं उतारावर गेलं. मी चिखलदऱ्याचा घाट सायकलनं उतरते. पावसाळ्यात वळणावर माती वाहून आलेली असते, ब्रेक दाबला की मागचं चाक सरकतं आणि पोटात गोळा येतो. "चढ आला की निकाल लागला" असं कोणी म्हटलं की कळतं, यांनी घाट गाडीतूनच पाहिलाय. शिवाय व्हाँटूनंतर दोन दिवस उरतात, नीसला कोल देझचा चढ आहे.

एसटी_स्टँड (धामणगाव रेल्वे)

मूळ मुद्दा कोणी घेत नाही. पुरुषांची टूर 21 टप्प्यांची, ही 9 ची. तिसऱ्या आठवड्यात माणूस मोडतो, तिथं खरा सायकलपटू कळतो. नऊ दिवसांना मी टूर म्हणणार नाही. स्त्री-पुरुष वगैरे इथं आणू नका, मी फक्त खेळाचं बोलतोय.

घाटातली

खेळाचंच बोलू. 1984 ची बायकांची टूर 18 टप्प्यांची होती. अमेरिकेची मॅरिअन मार्टिन जिंकली, पॅरिसला पुरुषांचा विजेता फिन्यों याच्या शेजारी उभी राहिली. म्हणजे बायकांना झेपत नाही हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला. पुढं शर्यत बंद पडली ती पैसे नाहीत, प्रायोजक नाही, टीव्ही नाही म्हणून. 2022 ला पुन्हा सुरू झाली तेव्हा विजेतीला 50,000 युरो, पुरुष विजेत्याला 5 लाख. दिवस कमी कोणी दिले ते बघा आणि मग कमी दिवसांचा दोष बायकांना द्या.

अनुशेष_1953 (चिखली)

पैशाचं निघालंच आहे तर बोलतो. जानेवारीत पुण्याला पाच दिवसांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, पुणे ग्रँड टूर, 437 किलोमीटर. देशोदेशीचे संघ आले, त्यासाठी रस्ते नव्यानं केले. आमच्या तालुक्यात फाट्यापासून गावापर्यंतच्या रस्त्याची गिट्टी उखडून पडली आहे, सोयाबीनचा ट्रॅक्टर उलटतो. नागपूर करार झाला तेव्हापासून आम्ही हेच ऐकतोय, विदर्भाला त्याचा वाटा मिळेल. समृद्धी गेला आमच्या वावरांतून, त्यावर सायकल तर सोडा, मोटारसायकलही चालत नाही. तुम्ही फ्रान्सच्या घाटांवर भांडा. इथं शर्यत घ्यायला आधी रस्ता द्या.

मूळ_यवतमाळ (सध्या पुणे)

झालं, पुण्याला शिव्या सुरू. मी यवतमाळचाच आहे, पोटासाठी इकडं आलो. ती शर्यत मी रस्त्याकडेला उभं राहून बघितली आणि अभिमान वाटला. शर्यत आली म्हणून रस्ते झाले, हे तरी मान्य करा. मेळघाटात शर्यत मागा, रस्ते मिळतील. आपल्या नेत्यांना किती वर्षं मंत्रिपदं होती? विदर्भाचे मुख्यमंत्री झाले नाहीत का? दर वेळी पश्चिम महाराष्ट्राकडं बोट दाखवून भागणार नाही.

अनुशेष_1953

पोटासाठी पुण्याला जावं लागलं, हाच अनुशेष. तुम्हाला कळत नसेल तर वाद घालण्यात अर्थ नाही.

मूळ_यवतमाळ

माझ्या पोटावर जाऊ नका. माझ्या बापानं वावर विकून मला शिकवलं. मला गाव कळत नाही हे तुम्ही मला सांगू नये.

पीटीच्या बाई (धारणी तालुका)

दोघंही जरा थांबा. त्या पुण्याच्या शर्यतीत एकही बाई नव्हती, ती फक्त पुरुषांची होती, आणि धागा महिलांच्या शर्यतीचा असून हे तुमच्यापैकी एकालाही खटकलं नाही.

मी खेड्यातल्या शाळेत शिकवते. सरकारी योजनेतून मुलींना सायकली मिळतात. आमच्याकडं आल्या तेव्हा हँडल वाकडी, चाकांत हवा नाही. नववीतल्या एका मुलीच्या क्रँकची (पायडलच्या दांड्याची) कॉटर पिन ढिली होती. फाट्याच्या चढावर उभं राहून पायडल मारताना क्रँक सुटला, ती तोंडावर पडली, गुडघा आणि हनुवटी फुटली. गावातल्या पंक्चरवाल्यानं नवी पिन ठोकून बसवली, रिम आऊट होती ती तारा आवळून सरळ केली, पैसे घेतले नाहीत. पुढं तीच मुलगी शाळेपासून फाट्यापर्यंत एकाही मुलाला पुढं जाऊ देत नव्हती. पाठीत वाकून, कोपर आत घेऊन चालवायची, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. दहावीनंतर कॉलेज तालुक्याला. अंधार पडल्यावर त्या रस्त्यानं एकटी नको, म्हणून घरच्यांनी तिची सायकल थांबवली. आता त्या सायकलला दुधाचे कॅन अडकवून तिचा भाऊ जातो.

मला राग याचा येतो. तिच्या पायांत काय होतं ते मी पाहिलंय.

पऱ्हाटीवाला

बाई, हे वाचून काही बोलवत नाही. आमच्या पोट्टीची सायकल बी दहावीनंच बंद झाली. मीच केली.

निळी_जर्सी (तुमसर)

अंधारच रंगवू नका. आमच्या भंडारा जिल्ह्याच्या मयुरी लुटे आणि सुशिकला आगाशे 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅक सायकलिंगच्या भारतीय संघात होत्या. खेड्यातल्याच पोरी. विदर्भात काही होत नाही म्हणणाऱ्यांनी ही दोन नावं पाठ करावीत.

एसटी_स्टँड

ट्रॅक वेगळा, रोड वेगळा. ट्रॅकला लाकडी वर्तुळ आणि चांगला कोच पुरतो. रोडला रस्ता, संघ, गाडी, मेकॅनिक, सगळं लागतं.

निळी_जर्सी

मग किम ले कूर बघा. मॉरिशसची. त्या बेटावर रोडचं काय मोठं साम्राज्य आहे? 2025 ला टूरचा टप्पा जिंकली, पिवळी जर्सी घातली, त्याआधी लिएज-बास्तोन-लिएज ही बेल्जियमची एक दिवसाची मोठी शर्यत जिंकली. चांगल्या संघात जागा मिळाली की होतं.

दोन_मुलींची_आई (वरुड)

एक वेगळं विचारते. फेराँ-प्रेव्होनं टूरसाठी चार किलो वजन उतरवल्याची चर्चा झाली. फोलरिंगनं त्यावर स्पष्ट सांगितलं की ती तसं करणार नाही. माझी मोठी धावते. आत्ताच तिनं भात बंद केलाय, "हलकं व्हायचंय" म्हणते. मला जिंकणाऱ्या बाईचा राग नाही, पण व्हाँटूवर ती पुन्हा जिंकली तर घरी काय ऐकावं लागेल याची भीती वाटते.

पीटीच्या बाई

ताई, पाळी नियमित आहे का ते आधी बघा, आणि डॉक्टरांना भेटा. वाढत्या वयात जेवण तोडलं की हाडं कमजोर होतात. तिला 2025 चा पूर्ण निकाल दाखवा. त्याच शर्यतीत जेवणाबद्दल वेगळा विचार करणारी फोलरिंग दुसरी आली.

एसटी_स्टँड

बरं, 1984 चे 18 टप्पे मला माहीत नव्हते. ते एक मान्य. नऊ दिवसांवर माझं मत बदललं नाही, पण दोष आयोजकांकडं जातो एवढं लिहून ठेवा.

पऱ्हाटीवाला

ताई, दीजाँले रॉयसरनं फेराँ-प्रेव्होवर दीड मिनिट काढला तर मी इथं येऊन तुमचं खरं म्हणीन. त्याहून कमी काढला तर नाही. माझे पहिले तीन: फेराँ-प्रेव्हो, फोलरिंग, न्येव्यादोमा. ऑगस्टात डवरणी-फवारणीची घाई असते, पण संध्याकाळी मोबाइलवर पाहीन. आमची पोट्टी बी पाहीन म्हणते.

घाटातली

माझे तीन: फोलरिंग, रॉयसर, फेराँ-प्रेव्हो. न्येव्यादोमाला काढताना हात अडखळला, ती उतारावर या तिघींपेक्षा सरस आहे. दीड मिनिट जास्त होतो दादा, मी एक मिनिट धरते. चौथ्या टप्प्याच्या रात्री इथंच भेटू.