२२ इंचांच्या भोकाला खलनायक कशाला हवा?

खडूस प्रेक्षक :
अक्षय कुमारचा 'मिशन रानीगंज' हा सिनेमा परवा पाहिला, उशिराच. २०२३ मध्ये आला तेव्हा समीक्षकांनी नकली दाढी, संगणकावरचं पाणी आणि ढणढणाटी पार्श्वसंगीत यांना धू धू धुतलं होतं. ते सगळं माफ. माझं भांडण वेगळंच आहे.

नोव्हेंबर १९८९, पश्चिम बंगालमधली महावीर कोळसा खाण. पाणी घुसलं, ६ जण बुडाले, ६५ जण आत अडकले. खाण अभियंते जसवंतसिंग गिल यांनी वरून २२ इंचांचं भोक पाडून त्यातून पोलादी कॅप्सूल सोडली आणि पहिल्यांदा स्वतःच खाली उतरले. एवढं हातात असताना त्यांचे पाय ओढणारा कारस्थानी अधिकारी कशाला घुसडायचा? पाणी चढतंय, हवा संपत चाललीय, यात कमी काय पडलं?

मंदार_ठाणे :
कारण पाणी संवाद म्हणत नाही! ६५ माणसं वर आली हे प्रेक्षकाला आधीच माहीत असतं. मग जीव टांगणीला कसा लावणार? माझी आई शेवटाला पदर तोंडाला लावून बसली होती, तिला दाढी दिसलीसुद्धा नाही. आणि 'हिरो म्हातारा' म्हणणाऱ्यांनो, गिल यांचा जन्म १९३९ चा. तेव्हा तेही पन्नाशीलाच आले होते.

अनघा के. :
वयाचं पटलं. खलनायकाचं नाही. चिलीत खाणीत अडकलेल्या ३३ कामगारांवरचा 'द ३३' (२०१५) बघा. तिथंही शेवट साऱ्या जगाला ठाऊक होता; ६९ दिवस टीव्हीवर चालू होतं ते. पण भुकेली माणसं ताटभर जेवणाची स्वप्नं बघतात तो प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे. बाकी त्यालाही बोलणी बसलीच : चिलीची माणसं इंग्रजी बोलतात, आणि चिलीची बाई झालीय फ्रेंच ज्युलिएत बिनोश!

बल्लारपूरकर :
आमचे बाबा कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे आतल्या कामावर देखरेख करणारे, होते. सिनेमा लागल्यावर पाचव्या मिनिटाला म्हणाले, "एवढा उजेड कुठून आला रे आत?" खाली टोपीवरच्या दिव्याचाच काय तो उजेड, आणि मान वळवली की तोही जातो. काठीने छत ठोकून आवाज ऐकायचा, पोकळ वाजलं की मागे सरायचं. हे कुठल्या सिनेमात दिसत नाही.

२२ इंच म्हणजे किती, हे मात्र त्यांनी अंगणातल्या दोनशे लिटरच्या ड्रमला टेप लावून दाखवलं. जवळजवळ तेवढाच. "यात उभा राहून वर जायचं, अंधारात, हलत हलत. खलनायक गेला खड्ड्यात." खडूसभाऊ, तुमचा मुद्दा बाबांना मान्य आहे.

एक मात्र सांगतो. कॅप्सूलची कल्पना जगात पहिल्यांदा गिल यांना सुचली, असं व्हॉट्सॅपवर फिरतं. तसं नाही; जर्मनीत १९५५ मध्ये अशाच नळकांड्यातून खाणकामगार काढले होते. म्हणून गिल यांचं मोल कमी होत नाही. अशी कॅप्सूल ऐनवेळी घडवून घ्यायची आणि आपणच आधी बसायचं, याला छाती लागते.

मंदार_ठाणे :
बाबांना नमस्कार सांगा. पण त्या उजेडाशिवाय शूटिंग केलं असतं तर तिकिटाचे पैसे परत मागणारे पहिले तुम्हीच असता.

बल्लारपूरकर :
बाबा म्हणतात, आवाज तरी नीट ऐकू आला असता.

खडूस प्रेक्षक :
दाढी माफ केली होती ना, ते मागे घेतो. आत्ता गाण्यात पुन्हा पाहिली.