प्रतिसाद: ऑनलाइन पोकरमध्ये वरच्या बाय-इनकडे कधी वळावे?
पोकरच्या तीनशे टूर्नामेंटांत ४० टक्के परतावा मिळाला, म्हणून ५ डॉलरवरून थेट २० डॉलरच्या बाय-इनकडे (प्रवेश शुल्काकडे) जावे का, या प्रश्नाबाबत माझे मत सावध आहे. (भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांवरील ऑनलाइन खेळांना बंदी असल्याने हा प्रश्न परदेशस्थांपुरताच उरतो.) बक्षिसांचा मोठा वाटा पहिल्या काही क्रमांकांकडेच जात असल्यामुळे एका टूर्नामेंटमागे प्रमाण विचलन (निकालांतील चढउताराचे माप) सहा बाय-इन धरले, तर तीनशे खेळांनंतरही परताव्यात सुमारे ३५ टक्क्यांची प्रमाण त्रुटी (नशिबामुळे आकड्यात सहज पडू शकणारा फरक) राहते, म्हणजे तुमचे ४० टक्के कौशल्याचे की एखाद्या भाग्यवान अंतिम टेबलाचे (शेवटच्या मोजक्या खेळाडूंत पोहोचण्याचे), हे त्यावरून ठरत नाही. सर्वांत मोठे बक्षीस वगळून हिशेब पुन्हा मांडून पाहा. ही कसोटी कठोर आहे, कारण मोठी बक्षिसे हाच या खेळातील नफ्याचा आधार असतो, पण ती डोळे उघडते.

पोकरपटू ख्रिस फर्ग्युसन यांनी शून्यापासून १०,००० डॉलरपर्यंत जाताना अशा टूर्नामेंटांसाठी बँकरोलच्या (खेळासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेच्या) २ टक्क्यांची, म्हणजे ५० बाय-इनची मर्यादा ठेवली होती. हजारो खेळाडूंच्या टूर्नामेंटांसाठी मला तीही सैल वाटते. मी दीडशे बाय-इनखाली जात नाही. शिवाय मध्ये १० डॉलरची पायरी आहेच, आणि तिथेही आधी कमी खेळाडूंच्या मोजक्याच टूर्नामेंटा खेळून, बँकरोल किती घसरल्यावर परत ५ डॉलरवर यायचे हा आकडा खेळायला बसण्यापूर्वीच लिहून ठेवावा.