बेनिडॉर्मचं तिकीट, आणि ग्रुप सोसायटीचा

संध्याताई बी-302 (रात्री 9:14)
नमस्कार सगळ्यांना. प्रशांत, आपल्या मेमधल्या बेनिडॉर्मच्या (स्पेनचं समुद्रकाठचं शहर) ट्रिपबद्दल एजंटचा मेसेज आत्ता वाचला आणि खरं सांगते डोकंच फिरलं. उद्या संध्याकाळपर्यंत प्रत्येकी 58 हजार भरा, तिकिटं नॉन रिफंडेबल आहेत, आणि व्हिसाची अपॉइंटमेंट काय तर "बघतो मिळते का". अरे आम्ही चौघं आहोत, दोन लाख बत्तीस हजार होतात! व्हिसा नाही मिळाला तर ते कोण देणार? दापोलीच्या बसच्या अ‍ॅडव्हान्सचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये, मी नाव घेत नाही.

प्रशांत ए-104
ताई दापोली इथे कशाला आणता. आणि मी एजंट नाही हो, ऑफिसमधून वेळ काढून पाच घरांसाठी फोन करतोय, एक रुपया कमिशन नाही. तो म्हणतोय मेचं तिकीट आत्ता नाही काढलं तर सत्तरच्या पुढे जाईल. मग मलाच बोलाल.

कुलकर्णी काका सी-201
व्हिसा आधी, तिकीट नंतर. बाकी चर्चा त्यानंतर.

निकम बी-404
मी पहिल्यापासून सांगत होतो अंताल्या बघा. समुद्र तोच, भूमध्य. हॉटेलात खाणंपिणं सगळं आत, ऑनलाइन ई-व्हिसा, हे स्पेनचं झंझट कशाला.

अहिरराव ए-203
तुर्कस्तान? मे 2025 मध्ये त्यांनी उघड उघड पाकिस्तानची बाजू घेतली ते विसरलात का निकम साहेब? अख्ख्या देशाने तिकिटं कॅन्सल केली तेव्हा. मी तरी तिकडे एक पैसा खर्च करणार नाही.

निकम बी-404
मी फक्त स्वस्त पर्याय सांगितला. देशभक्ती मलाही कळते. माझा सख्खा भाऊ आर्मीत आहे, तुमचा आहे का?

स्नेहा सी-303
निकम काका, अहिरराव काका, प्लीज. तसंही तो ई-व्हिसा आपल्याला मिळत नाही. भारतीय पासपोर्टवर तो हवा असेल तर आधी शेंगेन (म्हणजे स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा), अमेरिका, यूके किंवा आयर्लंडचा व्हॅलिड व्हिसा नाहीतर तिथलं रेसिडेन्स परमिट लागतं. आपल्यापैकी कोणाकडे आहे? नसेल तर फिरून परत शेंगेनवरच येतो आपण.

भामरे बी-101
म्हणजे घोटीहून सिन्नरला जायला आधी मुंबईला जाऊन यायचं 😄

मंगलाकाकू ए-301
स्नेहा तिथे व्हेज काय मिळतं ग? ह्यांना मैद्याचं चालत नाही. मी थेपले, तूप, पेढे घेईन म्हणते. आणि आपली द्राक्षं पण नेऊ ना थोडी, मुलांना लागतात.

पाटील (सेक्रेटरी)
सर्व सभासदांना नम्र विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. ट्रिपसाठी वेगळा ग्रुप करावा. कृपया सहकार्य करावे.

संध्याताई बी-302
पाटील साहेब सहा दिवस झाले लिफ्टचा माणूस कधी येणार विचारतेय, त्यावर तुमचं एक उत्तर नाही. ट्रिपवर लगेच आलं. असो.

पाटील (सेक्रेटरी)
लिफ्टच्या एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभालीचं, पेमेंट अडकलंय कारण सात जणांचा मेंटेनन्स बाकी आहे. मी पण नाव घेत नाही.

कुलकर्णी काका सी-201
व्हिसा आधी, तिकीट नंतर. वर गेलं म्हणून परत टाकतोय.

स्नेहा सी-303
काकांचं बरोबर आहे आणि मला वाटतं सगळ्यांनी एकदा नीट वाचावं म्हणून लांब लिहितेय. शेंगेन व्हिसाला पैसे भरलेलं तिकीट लागत नाही, जाण्यायेण्याचं रिझर्वेशन दाखवावं लागतं. एजंट लोक होल्डवरचं, म्हणजे पैसे न भरता तात्पुरतं धरून ठेवलेलं, रिझर्वेशन काढून देतात किंवा आपण थोडे जास्त पैसे देऊन कॅन्सल करता येणारं तिकीट घेऊ शकतो, हॉटेलही फ्री कॅन्सलेशनवालं बुक करायचं. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची. निर्णयाला साधारण 15 दिवस धरतात पण कागदांवर शंका आली तर 45 दिवसांपर्यंत जाऊ शकतं, आणि मे म्हणजे मुंबईत सगळ्यात जास्त गर्दी. फी मोठ्यांना 90 युरो, सहा वर्षांपासून बाराच्या आतल्या मुलांना 45, सहाच्या आतल्यांना फी नाही. जून 2024 पासून हे दर आहेत. व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. म्हणजे रिस्क ही आहेच, त्यात अजून अठ्ठावन्न हजाराची कशाला घालायची?

स्नेहा सी-303
आणि मंगलाकाकू, तूप पेढे नका नेऊ. युरोपात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणू देत नाहीत, काढून घेतात. ताज्या फळांनाही सर्टिफिकेट लागतं, केळी खजूर अननस नारळ अशी दोन चार सोडून. थेपले तेलावरचे करा.

मंगलाकाकू ए-301
अगं बाई. मग द्राक्षं राहू देत. तिखटमिठाच्या पुऱ्या करते.

भामरे बी-101
काकू केळी चालतात म्हणतेय ती, जळगावची घेऊन जाऊ. खान्देशाचा मान राहील.

प्रशांत ए-104
स्नेहा तू सगळं छान सांगतेस पण होल्डवर किती दिवस राहतं? दोन दिवस, फार तर तीन. व्हिसा येईपर्यंत एप्रिल उजाडेल. तेव्हा 72 हजार झालं तर फरकाचे चौदा हजार कुलकर्णी काका देणार का सगळ्यांचे?

कुलकर्णी काका सी-201
प्रशांतराव, मी बँकेत उभं आयुष्य काढलं. चौदा हजार जास्त जाणं हा तोटा, अठ्ठावन्न हजार बुडणं हे नुकसान, आणि कर्ज काढून फिरायला जाणाऱ्याला ते नुकसान वर्षभर फेडावं लागतं. दोन्ही एका तराजूत घालू नका. व्हिसा आधी, तिकीट नंतर.

प्रशांत ए-104
कर्ज कोणी काढलंय? काका तुम्हाला कोणाबद्दल काय म्हणायचंय ते स्पष्ट म्हणा.

कुलकर्णी काका सी-201
कोणाबद्दलही नाही. सर्वसाधारण बोललो. आपल्याबद्दल आदर आहे.

समीरा सी-102
मला एक विचारायचं होतं, ह्यांना सुट्टी नाही म्हणून मी आणि आरव दोघंच येणार आहोत, तर काही प्रॉब्लेम नाही ना?

स्नेहा सी-303
प्रॉब्लेम नाही, पण वडिलांचं संमतीपत्र लागेल, नोटरी करून, सोबत त्यांच्या पासपोर्टची कॉपी. आत्ताच करून ठेव. आरव बाराच्या आत आहे म्हणजे त्याचे बोटांचे ठसे घेणार नाहीत, तुला मात्र ठसे द्यायला मुंबईला जावंच लागेल.

जाधव सर ए-402
बेनिडॉर्मविषयी थोडं. मूळचं हे मच्छीमारांचं छोटं गाव, माणसं ट्यूना पकडायला समुद्रावर जायची. 1956 साली गावाचा विकास आराखडा झाला आणि त्यातून उंच इमारतींचं शहर उभं राहिलं. त्या वेळचे महापौर पेद्रो सारागोसा. बाहेरच्या पर्यटक बायकांना बिकिनी घालू द्यावी म्हणून हे गृहस्थ व्हेस्पा स्कूटरवर बसून माद्रिदला थेट हुकूमशहा फ्रँकोकडे गेले होते असं तिथे सांगतात. एक महापौर गावासाठी एवढा प्रवास करतो हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि जागा उंच बांधून वाचवली, त्यामुळे खोल्या भरपूर आणि भाव सामान्य माणसाला परवडणारे, इंग्लंडचे कामगार आणि पेन्शनर इतकी वर्षं तिथेच जातात ते उगीच नाही.

भामरे बी-101
सर बिकिनीचा मुद्दा मंगलाकाकूंनी वाचला का 😂

मंगलाकाकू ए-301
वाचला हो. मी नऊवारी नेसून समुद्रात उतरणार आहे, फोटो काढ.

पाटील (सेक्रेटरी)
व्हिजिटर पार्किंगमध्ये एमएच 15 ची पांढरी स्विफ्ट कोणाची आहे? टँकर आत येत नाहीये. ताबडतोब काढावी.

अहिरराव ए-203
माझ्या पाहुण्यांची आहे, काढतो. सांगायची पण एक पद्धत असते.

संध्याताई बी-302
मूळ मुद्दा राहतोय. प्रशांत, एजंट कोणत्या मार्गाने नेतोय ते तरी सांग. मेसेजमध्ये दोन वेगवेगळे पीएनआर दिसतायत मला.

प्रशांत ए-104
मुंबई दुबई बार्सिलोना एक तिकीट, आणि बार्सिलोना अलिकांते दुसरं, लो कॉस्टचं. म्हणून तर स्वस्त बसतंय.

स्नेहा सी-303
इथेच गोची आहे दादा. दोन वेगळी तिकिटं म्हणजे पहिलं विमान लेट झालं आणि दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीचा काही संबंध नाही, पंधरा माणसांची तिकिटं जागेवर नव्याने काढावी लागतील, त्या दिवशीच्या भावाने. शिवाय आखाती एअरलाइन तुम्हाला पंचवीस तीस किलो देईल पण रायनएअरसारख्या कंपनीत फुकट जाते ती फक्त सीटखाली मावणारी बॅग, 40 बाय 30 बाय 20 सेंटिमीटर. मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे. ते धरले तर स्वस्त कुठे राहिलं?

स्नेहा सी-303
मी काय म्हणते, माद्रिदला उतरू. माद्रिद अलिकांते फास्ट ट्रेन आहे, अडीच तासांच्या आसपास, आणि त्या लाइनवर आता रेन्फे, उइगो, इर्यो अशा तीन कंपन्या गाड्या चालवतात त्यामुळे लवकर काढलं तर तिकीट चांगलं पडतं. बॅगांचा ताण कमी. रात्र माद्रिदला काढली तर विमान लेट झालं तरी ट्रेन चुकत नाही. अलिकांतेच्या लुसेरोस स्टेशनवरून बेनिडॉर्मला ट्राम जाते, समुद्राच्या कडेकडेने, तासाभराहून थोडी जास्त लागते. घाई असेल तर बस. आणि हो, व्हिसा सगळा स्पेनचाच राहतो, कारण जिथे जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. मध्येच पॅरिस घाला, रोम घाला असं कोणी म्हणू नका आता.

निकम बी-404
माद्रिदमध्ये एक रात्र म्हणजे हॉटेल वाढलं.

स्नेहा सी-303
वाढलं, पण चार सहा जणांचा फ्लॅट घेतला तर माणशी फार पडत नाही. बेनिडॉर्मलाही दोन घरात मिळून किचनवाला फ्लॅट घेऊ, काकूंचा प्रश्न सुटतो. जुलै ऑगस्टपेक्षा मेमध्ये भाव बरेच कमी असतात. फक्त एक, मुलांना आधीच सांगा की मेमध्ये पाणी गार असतं, अठरा एकोणीस डिग्री. ऊन छान, बीच छान, लेवांते आणि पोनिएंते हे दोन्ही बीच चालत फिरता येतात, पण गोव्यासारखं तासन् तास डुंबणं नाही.

भामरे बी-101
गंगापूर डॅमला जानेवारीत पोहलेली माणसं आहोत आम्ही, काळजी नको.

कुलकर्णी काका सी-201
स्टेटमेंटबद्दल. खात्यात शेवटच्या आठवड्यात नातेवाइकांकडून पाच लाख आणून टाकू नयेत, ते लगेच दिसतं आणि शंका येते. निदान तीन महिन्यांचा नियमित व्यवहार हवा, सोबत आयटी रिटर्न, नोकरीवाल्यांना रजेचं पत्र. प्रवास विमा कमीत कमी 30,000 युरोचा. आणि व्हिसा आधी, तिकीट नंतर.

प्रशांत ए-104
काका तुम्ही तेच वाक्य परत परत टाकताय, मला समजतंय कोणाला उद्देशून आहे ते. ठीक आहे. उद्या मी जातच नाही एजंटकडे. तुम्ही सगळे हुशार आहात, तुम्हीच करा. माझं आणि अंजलीचं नाव काढा.

संध्याताई बी-302
अरे असं काय करतोस. तुझ्यामुळेच पाच घरं एकत्र आली, नाहीतर कोण कोणाशी बोलत होतं. माझा राग एजंटच्या घाईवर आहे, तुझ्यावर नाही. पण पैसे माझे आहेत, आणि ह्यांच्या ऑपरेशननंतर आम्हाला एवढी रक्कम अडकवणं खरंच जमणार नाही. हे ग्रुपवर सांगायचं नव्हतं.

अंजली ए-104
ताई तुमचं बरोबर आहे. नाव काढू नका, हे चिडले की असंच बोलतात. मी बोलते.

जाधव सर ए-402
संध्याताई, काही लागलं तर हक्काने सांगा.

(रात्री 11:02)

प्रशांत ए-104
बोललो एजंटशी. तो म्हणाला व्हिसाशिवाय तिकीट काढायचं नसेल तर भावाची गॅरंटी नाही. मी म्हटलं चालेल. उद्या कोणी काही भरू नका. तो फक्त फाइलचं काम करेल त्याचे पैसे वेगळे, पावती घेऊन. तिकीट स्नेहा आणि मी मिळून बघू, माद्रिदचं, आणि काढताना मुंबईचं कुठलं विमानतळ ते पण तपासा, आता नवी मुंबईही चालू आहे, तिकिटावरचे कोड वेगळे आहेत, मुंबईचा बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय. समृद्धीने भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत सुसाट जातो आपण पण पुढचं ट्रॅफिक कोणाच्या हातात नाही, म्हणून पहाटेचं विमान असेल तर नाशिकहून संध्याकाळीच निघायचं. यावर वाद नको.

कुलकर्णी काका सी-201
आभारी आहे प्रशांतराव.

स्नेहा सी-303
सगळ्यांनी आत्ता पासपोर्ट काढून एक्सपायरी बघा आणि मला पर्सनलवर पाठवा, ग्रुपवर फोटो टाकू नका प्लीज. परत निघायच्या तारखेनंतर कमीत कमी तीन महिने व्हॅलिड हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, आणि दोन पानं कोरी.

निकम बी-404
माझा 19 जुलैला संपतोय. चालेल ना? मे मध्ये तर परत येणार आपण.

स्नेहा सी-303
नाही चालणार काका. 25 मेला तिथून परत निघालो तर 25 ऑगस्टपर्यंत तरी हवा. उद्याच रिन्यूअलचा फॉर्म भरा, नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात कधीची तारीख मिळते बघा, लांबची असली तर तत्काळमध्ये टाका. काकूंचाही बघा.

निकम बी-404
तिचा बघायला कपाटाची किल्ली लागेल, ती झोपलीये. सकाळी सांगतो.

पाटील (सेक्रेटरी)
लिफ्टचा माणूस उद्या 11 वाजता येतोय. बी विंगमध्ये कोणीतरी हजर राहावे.

संध्याताई बी-302
मी आहे घरी.