सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीये, ६ वर्षांच्या लेकीला कसं सांभाळू?

चाफेकळी
आमची कोथरूडची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीये, मेअखेर घर रिकामं करून द्यायचंय. नवऱ्याचं ऑफिस खराडीला म्हणून भाड्याचं घर तिकडेच घेतलंय, म्हणजे जूनपासून लेकीची शाळापण बदलणार. सासूसासरे मात्र इकडेच, दिरांकडे. तिला नीट असं काही सांगितलं नव्हतं पण जिन्यातलं बोलणं कानावर पडलं असणार, परवा रात्री एकदम विचारलं, आई आपलं घर पाडणार का? मी म्हटलं झोप आता. त्यानंतर दोनदा अंथरूण ओलं झालं, तीन वर्षांत कधी झालं नव्हतं. आजीचा पदर सोडत नाहीये. कोणी गेलंय का यातून?

गच्चीवरचा_झोपाळा
आम्ही गेलोय, मुलगा तेव्हा ७ चा होता. ताई, आधी तिला खरं सांगा, आजच. पोरांना कळतंच सगळं, आपण गप्प बसलो की ती मनात त्याहून भयंकर काहीतरी रचतात. पाडणार हो, आणि त्या जागी नवीन बांधून आपण परत येणार, एवढं सरळ. वेळ लागेल हेही सांगा, उगीच लवकरची तारीख देऊ नका. आणि काय बदलणार नाही ते जास्त सांगा, रात्रीची गोष्ट, तिची गोधडी, रविवारचे पोहे. जुनी खेळणी आत्ता टाकू नका. तिचं खोकं तिलाच भरू दे, ते सगळ्यात शेवटी बंद करा आणि तिकडे सगळ्यात आधी उघडा.

आमच्याकडे दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला उंचीची खूण केलेली होती. चौकट काही नेता येईना, तर लांब कागद लावून सगळ्या खुणा उतरवून घेतल्या आणि तो कागद भाड्याच्या घरी भिंतीला चिकटवला. पहिले काही दिवस तो जेवायलापण त्याच भिंतीशी बसायचा.

पारिजात_४
पुण्यात कोथरूडजवळच्या वनाजपासून खराडीच्या बाजूच्या रामवाडीपर्यंत एकच मेट्रो आहे, मध्ये बदलायची नाही, पुढे खराडीपर्यंत रिक्षा. त्यामुळे 'जाऊ हं आजीकडे' असं मोघम नको, शनिवार म्हणजे शनिवार, कालनिर्णयवर तिच्या हातून गोल करून घ्या. नवी शाळा सुरू व्हायच्या आधी तिथे एक चक्कर मारून या, वर्ग, टॉयलेट, डबा कुठे खायचा सगळं दाखवा, छोट्यांना नेमकी याचीच धास्ती असते.

दुपारचा_चहा
अंथरुणावरून रागावू नका आणि तिच्यासमोर दुसऱ्या कुणाला सांगूपण नका. बदलाच्या ताणाने होतं असं, बहुतेक वेळा आपोआप थांबतं. पण एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच, लघवीचं इन्फेक्शन किंवा बद्धकोष्ठता असली तरी असं होतं. झोप, खाणं, शाळा कित्येक आठवडे बिघडलेलंच राहिलं तर समुपदेशकांकडे जायला कचरू नका.

चाफेकळी
खूप खूप आभार सगळ्यांचे. काल सांगितलं, दोघांनी मिळून. रडली, मीपण रडले. मग डोळे पुसून विचारते, पार्किंगमधल्या मनीला कोण नेणार? तिची पिल्लं फक्त दोन आठवड्यांची आहेत. कोथरूडमध्ये कोणी मांजरांचं बघतं का, प्लीज सांगा.